संगणकाचे नाव आणि त्याचा पत्ता

परभणीतील एखाद्या घरच्या संगणकास ‘गोदावरी’ असे नाव दिले, तरी ते त्या घरापुरतेच चालते. बाहेरचे जग ओळखते तो सेवा कंपनीने दिलेला क्रमांक. घरगुती जोडणीत तो बहुधा बदलत राहतो. जगभर चालणारे नाव रीतसर नोंदवावे लागते. नावावरून क्रमांक शोधणारी ही व्यवस्था १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली.

असे नाव उजवीकडून वाचावे. ‘परभणी डॉट गव्ह डॉट इन’ यात ‘इन’ म्हणजे भारत, ‘गव्ह’ हे शासनासाठी राखीव क्षेत्र, त्यानंतर जिल्हा. परभणी व गव्ह यांमध्ये बिंदूऐवजी आडवी रेषा असेल, तर ते नाव राखीव क्षेत्राबाहेरचे. दाखल्यासाठी घाईने आलेला शेतकरी मात्र तेथेही आपला आधार क्रमांक लिहून मोकळा होतो.