नव्या माशाचे चाळीस दिवस

साल २०१९. ऑगस्टची ३१ तारीख, शनिवार. सोमवारी गणेश चतुर्थी. त्या दोन दिवसांत लालबागमध्ये रस्ता कुठे संपतो आणि गर्दी कुठे सुरू होते हे कळत नाही. त्या गर्दीतून माझा पुतण्या प्लास्टिकची एक फुगलेली पिशवी छातीशी धरून चाळीचे तीन जिने चढून आला. पिशवीत खालच्या भागात पाणी, वर हवा आणि पाण्यात तळहाताएवढाही नसलेला एक गडद निळा, पिवळ्या शेपटीचा मासा. त्याची सहा वर्षांची मुलगी ‘डोरी, डोरी’ म्हणत नाचू लागली. २००३ सालच्या त्या प्रसिद्ध कार्टून चित्रपटाने या माशाला जगभरच्या मुलांमध्ये हे नाव मिळवून दिलं आहे.

चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. समुद्रातले रंगीत मासे आमच्या पिढीने पहिल्यांदा काचेमागे पाहिले ते तिथे. ते आपल्या खोलीत ठेवता येतील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पुतण्याच्या खोलीत मात्र मुलगी जन्मली त्या वर्षापासून खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. लिटरला पस्तीस ग्रॅम हे समुद्राच्या खारेपणाचं माप. म्हणजे शंभर लिटर पाण्याला साडेतीन किलो खास मीठ. ते कालवणं, तोलणं, दर पंधरवड्याला थोडं पाणी बदलणं हा सगळा खटाटोप तो गिरणगावातल्या त्या एवढ्याशा जागेत निष्ठेने करत आला. टाकीत नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची एक जोडी होती, एक लहान डॅमसेल होता, एक कोळंबी आणि काही गोगलगाई. जोडीला खाणं घालायचं काम माझ्या वहिनीचं. वहिनी काचेजवळ गेली, की ते दोघे वर येत. सहा वर्षं हा परिपाठ चालला होता.

“अरे, याला आधी काही दिवस वेगळा ठेवायला नको का?” मी विचारलं.

“काका, दुकानदार म्हणाला, एकदम तंदुरुस्त आहे. परवा पाहुणे यायला लागतील. आणि वेगळा ठेवू कुठे? तुम्हीच जागा दाखवा.”

मी खोलीभर नजर फिरवली. एका भिंतीला मखर, दुसरीला कपाट, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. मी गप्प बसलो. मासा त्याच संध्याकाळी टाकीत गेला.

चौथ्या दिवशी निळ्या अंगावर पाच-सहा पांढरे ठिपके दिसले. बारीक रवा शिंपडावा तसे. नवव्या दिवशी ठिपके गेले आणि पुतण्याने सुटकेचा निःश्वास टाकला. अनंत चतुर्दशीला बाप्पा गेले, आणि त्यानंतर दोनच दिवसांत टाकीतला प्रत्येक मासा ठिपक्यांनी भरला. मासे दगडाला अंग घासत होते, कल्ले भराभर हलत होते, खाण्याकडे कुणी वळत नव्हतं. निळा आधी गेला. मग एका रात्रीत जोडी गेली. उरला तो डॅमसेल. वहिनी सकाळी खाण्याची डबी घेऊन टाकीपाशी आली आणि तशीच उभी राहिली. नातीने मात्र थेट निकाल दिला. “त्या डोरीनेच सगळ्यांना मारलं.”

या रोगाला मत्स्यपालक ‘खाऱ्या पाण्यातला इक’ म्हणतात. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हा त्यामागचा एकपेशीय परजीवी. त्याची रीत समजली, की ठिपके का गेले आणि का परतले हे उमगतं. माशाच्या कातडीत तो तीन ते सात दिवस राहतो, पोसतो. तेव्हा आपल्याला ठिपका दिसतो. मग तो माशावरून गळून पडतो आणि तळाच्या वाळूला, दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात त्याची विभागणी होते आणि एकातून दोनशेच्या आसपास नवी पिल्लावळ बाहेर पडते. तिला दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरते. पण टाकीत मासा मिळायला कितीसा वेळ लागणार? ठिपके गेले म्हणून आपण आनंद मानतो, तेव्हा रोग गेलेला नसतो; तो वाळूत गुणाकार करत असतो. काही कवचं आठवड्याच्या आत फुटतात, तर काही सत्तर दिवसांनंतरही. शिवाय थोडा संसर्ग कल्ल्यांत लपला असेल, तर बाहेरून मासा अगदी निरोगी दिसतो. दुकानदार खोटं बोलला असेल असं मी म्हणणार नाही. त्यालाही दिसलं नसेल.

मला खरा राग आला तो माझ्या गप्प बसण्याचा. कारण ही गोष्ट मला मत्स्यशास्त्रातून नव्हे, पण बँकेच्या नोकरीतून पक्की ठाऊक होती. आमच्या काळी परगावचा चेक वटायला आठवडे लागत. खात्यावर रक्कम दिसायची, पण वटेपर्यंत ती आपली नाही, हा पहिला धडा. नवीन अधिकारी असताना एका ओळखीच्या गृहस्थांनी घरी लग्न असल्याचं सांगितलं, गळ घातली, आणि मी न वटलेल्या चेकवर पैसे उचलू दिले. चेक परत आला. गृहस्थ लबाड नव्हते. त्यांना ज्याने चेक दिला, त्याच्याच खात्यात पैसे नव्हते. पण भुर्दंड पडायचा तो पडलाच. ‘वटेपर्यंत थांबा’ हा नियम गिऱ्हाइकावरच्या अविश्वासातून आलेला नसतो. जे त्यालाही दिसत नाही, ते काळाने दाखवावं म्हणून तो असतो.

वेगळं ठेवण्याच्या विरोधातही जाणती माणसं बोलतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, पाणी उत्तम ठेवा, पोटभर खायला घाला, मासा स्वतःच रोगाला पुरून उरतो. दुकानातून दमून आलेला मासा एखाद्या उघड्याबोडक्या टबात कोंबला, तर तो रोगाने नाही, धास्तीने मरेल. यातला उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध अर्धाच खरा आहे. धडधाकट मासा काही काळ तग धरतो, थोडी प्रतिकारशक्तीही मिळवतो. पण बंद टाकीत परजीवीची संख्या समुद्रापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. समुद्रात कवच फुटेपर्यंत मासा दूर निघून गेलेला असतो. तीन फुटी टाकीत तो जाणार कुठे?

तेव्हा प्रश्न वेगळं ठेवावं की नाही एवढाच नाही. कसं ठेवावं, हा आहे. आणि या प्रश्नाचं उत्तर आमच्या वस्तीने फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे.

रोगाच्या भीतीने पाहुण्याला थांबवून ठेवायची रीत जुनी. १३७७ साली रगुसाने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रॉव्हनिकने, प्लेगच्या गावाहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवलं. पुढे तीसचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’ या शब्दावरूनच ‘क्वारंटाइन’ आलं. १८९६ साली प्लेग मुंबईत आला तेव्हा सरकारने हाच उपाय धरला, पण हडेलहप्पीने. घरांत शिरून झडत्या, माणसांना उचलून इस्पितळात नेणं, नातेवाइकांपासून तोडणं. लोकांना वाटू लागलं, आत गेलेला माणूस परत येत नाही. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणीकामगारांचा मोठा जमाव आमच्या शेजारच्या आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. ते कामगार अडाणी होते म्हणून नव्हे. वेगळं ठेवणं आणि टाकून देणं यांतला फरक त्यांना कुणी दिसू दिला नव्हता म्हणून. जवळच परळला १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. विश्वास असा मिळवावा लागतो.

माशाच्या बाबतीत विश्वास मिळवणं म्हणजे त्या वेगळ्या टाकीत त्याची नीट बडदास्त ठेवणं. त्यासाठी शोभेची काच लागत नाही. चाळीसेक लिटरची साधी टाकी किंवा स्वच्छ, झाकणाचा टब पुरे. तळाला वाळू नको, दगड नको. परजीवीला बसायला जागा मिळते आणि औषधही त्यात शोषलं जातं. पण लपायला आडोसा हवाच, त्यासाठी नळाच्या जाड पाइपाचे दोन तुकडे चालतात. स्पंजचा फिल्टर आधी तीन-चार आठवडे मोठ्या टाकीत ठेवून मुरवून घ्यावा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वस्तीला येतात. हे न करणाऱ्यांचे मासे रोगाने न मरता अमोनियाने मरतात, आणि दोष मात्र विलगीकरणाला लागतो. जाळी वेगळी, बादली वेगळी, हात धुतल्याशिवाय मोठ्या टाकीत घालायचा नाही; पाण्याच्या थेंबातूनही रोग जातो. मग चार ते सहा आठवडे नुसतं पाहायचं. खातो का, श्वास कसा घेतो, अंग घासतो का. ठिपके दिसलेच, तर तांब्याचं औषध, तेही पाण्यातलं प्रमाण रोज मोजून. मोठ्या टाकीत ते घालताच येत नाही, कारण तांबं कोळंबी-गोगलगाईंचा जीव घेतं.

हे काही हौशी लोकांचंच खूळ नाही. १९९४-९५च्या सुमारास आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीवर पांढऱ्या ठिपक्यांच्याच नावाचा, पण निराळा, विषाणूचा रोग आला आणि तळी ओस पडली. पुढे २००९ साली व्हॅनामेई जातीच्या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली, तेव्हा बीज देणारी आयात कोळंबी आधी चेन्नईच्या नीलांकरै इथल्या विलगीकरण केंद्रात उतरलीच पाहिजे, अशी अट आली. दहा-पंधरा वर्षांत सरकारनेही तोच धडा गिरवला.

राहिला पुतण्याचा प्रश्न. जागा कुठे आहे? मला त्याचं उत्तर त्या दिवशी सुचलं नाही, पण ते सोपं आहे. पोटमाळ्याच्या शिडीखाली दीड फूट जागा होती. तिथे चपलांचं खोकं होतं. आणि तेवढीही जागा नसती, तर मासा आणायचा नव्हता. नव्या जिवासाठी चाळीस दिवसांची सोय आपल्याला करता येत नसेल, तर त्याला घरी आणायचा आपला अधिकारच नाही. खरं तर तो निळा मासा मोठा झाल्यावर त्या तीन फुटांत मावलाच नसता. पाहुण्यांना दाखवायच्या घाईत आम्ही तेही पाहिलं नाही.

नातीला मी एवढंच सांगितलं, की डोरीने कुणाला मारलं नाही. ती स्वतःच आजारी होती, दमलेली होती, आणि आपण तिला विश्रांती न देता लोकांत ढकललं. तिला ते लगेच पटलं नाही.

डॅमसेलला टबात हलवून त्याच्यावर उपचार केले. मोठी टाकी अकरा आठवडे माशांविना ठेवली. आत फक्त कोळंबी आणि गोगलगाई. परजीवीला मासा मिळेना, तसा तो संपला. डिसेंबरअखेर क्लाउनफिशची नवी जोडी आली आणि शिडीखालच्या टाकीत गेली. नात भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. तिसाव्या फुलीनंतर पुतण्याच अधीर झाला, “काका, आता सोडूया ना?” उत्तर तिने दिलं. “चाळीस.” फेब्रुवारीत, चाळीस फुल्या झाल्यावर, जोडी मोठ्या टाकीत गेली आणि वहिनीने कितीतरी दिवसांनी ती डबी उघडली.

पुढच्याच महिन्यात, मार्च २०२० मध्ये, सगळ्या मुंबईची दारं बंद झाली. ‘विलगीकरण’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आला. त्या वर्षी लालबागच्या राजाची मूर्तीही बसली नाही. मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं घेतली. मधल्या दिवसांत चाळीतला एक शेजारी उपचार घेऊन इस्पितळातून घरी परतला, तेव्हा गॅलरीतली काही दारं धाडकन लागली. नात आमच्या उंबऱ्याशी उभी होती. तिने आजीला विचारलं, “त्यांना खायला कोण देणार?”

वहिनी डबा भरायला आत गेली.