मुळशीचा थेंब रोह्यात

जलविभाजक म्हणजे काय, हा शाळेच्या भूगोलातला हुकमी प्रश्न. उत्तरही पाठ असतं: सह्याद्रीच्या माथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराला मिळतो, पश्चिमेला पडलेला अरबी समुद्राला. मार्क मिळतात, पुढचा प्रश्न. पण कोकणात, रोह्याच्या पुलावर उभं राहून हे उत्तर म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. भर मे महिन्यात पुलाखालून जे पाणी वाहतं, ते मुख्यतः माथ्याच्या पलीकडचं असतं.

मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळेने पुण्यात मुठेला भेटायचं, दोघींनी मिळून भीमेत जायचं, भीमेने कृष्णेत, आणि कृष्णेने आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्र गाठायचा, असा तिचा मूळ रस्ता. टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधून हे पाणी अडवलं, बोगद्यातून घाटमाथ्यापर्यंत आणलं आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याला सोडलं. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. जनित्रं फिरवून झालेलं पाणी परत वर जात नाही. ते कुंडलिका नदीत येतं आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याला समुद्रात उतरतं. खोपोलीला हाच प्रकार १९१५ मध्ये झाला होता, भिवपुरीला १९२२ मध्ये. त्यामुळे पाताळगंगा आणि उल्हास यांच्या पात्रांतही देशावरचं पाणी आहे.

या धरणाखाली मावळातली गावं गेली. १९२१ मध्ये सुरू झालेला सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह मुलं इतिहासाच्या तासाला शिकतात आणि कुंडलिका भूगोलाच्या. एकाच पाण्याची गोष्ट दोन तासांत वाटली गेल्यामुळे कुणाच्याच ती लक्षात येत नाही.

ही जागा इंजिनिअरांना सापडली ती सह्याद्रीच्या आकारामुळे. देशाच्या बाजूला डोंगर हळूहळू उतरत जातो, कोकणाच्या बाजूला तुटतो. माथ्यावरच्या पूर्वेकडच्या ओढ्याला समुद्र हजार किलोमीटरहून लांब, पश्चिमेकडच्याला शंभराच्या आत. उंची तीच आणि अंतर कमी, म्हणून कोकणातल्या ओढ्याला वेग जास्त. तो डोंगर मागे मागे कोरत जातो आणि कधीतरी पलीकडच्या ओढ्याचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो. याला नदी-अपहरण म्हणतात. निसर्गाला त्यासाठी लाखो वर्षं लागतात. इथे माणसाने ते काही वर्षांत उरकलं, एवढाच फरक.

कोलाडला राफ्टिंगसाठी येणाऱ्यांना पाऊस नसतानाही नदी जोरात मिळते ती याच कारणाने. वीजघर चालू असेल तर नदी भरते, बंद असेल तर दगड वर येतात. पुढे डोळवहाळच्या बंधाऱ्यावरून हेच पाणी कालव्यांना जातं. उन्हाळ्यात शेजारच्या नद्या डबक्यांवर येतात तेव्हा रोह्याच्या नदीला पाणी असतं. धाटावची औद्योगिक वसाहत याच नदीच्या काठी आहे. त्या वसाहतीने नदीच्या पाण्याचं काय केलं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

पाणी उतरलं की पात्रातला एक गोटा उचलावा. काळसर, जड, अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. एखाद्या खड्ड्यात पांढरा, चमकणारा खडा रुतून बसलेला. तो खड्डा म्हणजे वायूचा बुडबुडा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, गार होताना त्यात वायू अडकला आणि पोकळी राहिली. मग पुढच्या काळात खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळीत खनिजं आणून ठेवली. ज्वालामुखी म्हटलं की मुलं टोकातून धूर निघणारा डोंगर काढतात. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबलांब भेगांतून आला. थरावर थर, थरावर थर. पावसाळ्यात ताम्हिणीच्या कड्याकडे पाहिलं की हे थर मोजता येतात: घट्ट थराचा उभा कडा, त्यावर झिजलेल्या मऊ थराची हिरवी पायरी, की पुन्हा कडा.

घाटात हे थर बरेचसे आडवे आहेत. पनवेल-पेणच्या बाजूला मात्र ते पश्चिमेकडे कललेले दिसतात. भूशास्त्रज्ञ याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात: भारताचा पश्चिम किनारा घडताना भूकवच ताणलं गेलं आणि समुद्राच्या बाजूला वाकलं. पालीजवळचे उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे झरे पाहून खाली अजून ज्वालामुखी आहे असं सांगणारे भेटतात. तसं नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची माळ आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

पावसाचं गणित सोपं आहे. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात. रोह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, घाटमाथ्यावर ५००० च्या वर, आणि डोंगर उतरून पुण्यात गेलं की जेमतेम ७००. उन्हाळ्यात तोच डोंगर दुसरा खेळ करतो. २८ मार्च २०१७ रोजी भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि विदर्भातले लोकही चकित झाले. पूर्वेकडून डोंगर उतरणारी हवा खाली येताना दाबली जाऊन तापते. दुपारचे खारे वारे उशिरा सुटले, तर तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या दरीत ती उष्णता कोंडते.

आता अंबा नदी. बोरघाटाच्या दक्षिणेला उगम, जांभुळपाडा, नागोठणे, मग धरमतरची खाडी. सारी लांबी पाऊणशे किलोमीटर. नागोठण्यापर्यंत भरती पोचते. रस्ते धड नव्हते तेव्हा गलबतं भरतीबरोबर वर येत आणि ओहोटीबरोबर परत जात. पण ज्या भरतीने बंदर दिलं, तीच पुरातही हात घालते. घाटातून सुटलेलं पाणी काही तासांत सपाटीवर येतं आणि खाली समुद्र भरलेला असेल तर त्याला उतरायला वाट उरत नाही. २४ जुलै १९८९ चा जांभुळपाड्याचा महापूर या खोऱ्यातले लोक विसरलेले नाहीत. जांभुळपाडा भरतीच्या पट्ट्याच्या बराच वर. तिथला पूर डोंगराचा. नागोठण्याला मात्र डोंगर आणि समुद्र दोघांचाही हिशेब ठेवावा लागतो.

समुद्राचा हिशेब कोळ्यांकडे तयार आहे. तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा: आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पहाटेही आणि दुपारीही. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा डोक्यावर येतो, ते सगळं खगोलशास्त्र या पाऊणपटीत बसलं आहे. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. मोठ्या उधाणाला या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दीड मजला. सहावीच्या वर्गाला भरती-ओहोटी शिकवायची तर आकृतीच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढावं, असं मला वाटतं.

पेणच्या पश्चिमेला वाशी, शिर्की, दादर या बाजूला जो खारेपाट आहे, तिथे हा दीड मजला रोजच्या जगण्याचा भाग आहे. नदीने डोंगरातून आणलेला गाळ खाडीत साचला, त्यावर तिवरं वाढली, गाळ आणखी धरला गेला. मग माणसांनी चिखलाचे बांध घालून त्यातली जमीन समुद्राकडून काढून घेतली. भरतीच्या पातळीपेक्षा शेत खाली आणि मध्ये फक्त बाहेरकाठा, म्हणजे समुद्राच्या बाजूचा बांध. त्या बांधात उघाडी असते. तिची झडप बाहेरच्या बाजूने टांगलेली. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने झडप चौकटीवर दाबून बसते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज लागत नाही, माणूसही लागत नाही. झडपेत लाकडाचा ओंडका अडकला, तर मात्र रातोरात शेतात खारं पाणी.

पहिल्या पावसात जमिनीतलं मीठ धुऊन जातं, मगच भात. तरी थोडा खारटपणा उरतोच, म्हणून इथे खारं सोसणारा राता भात पिकवत, आणि पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१ सारखी वाणं दिली. विहीर खणावी तर पाणी मचूळ. हेटवण्याचं धरण पेण तालुक्यातच आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना जातं. खारेपाटातल्या बायका टँकरची वाट बघत असतात. ३००० मिलिमीटर पावसाच्या मुलखात पाणीटंचाई कशी, याचं अर्धं उत्तर भूगोलात आहे, अर्धं नाही.

जाता जाता मातीबद्दल. पेण म्हणजे गणपती हे समीकरण सगळ्यांना ठाऊक, पण मूर्तीचा शाडू गुजरातेतून येतो. काळ्या कातळाची झीज झाली की लोहामुळे तांबडी किंवा काळी माती होते. शाडूचा तो फिकट रंग तिच्यात यायचा कुठून? हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत हात पेणचे आहेत, माती परकी.

पुन्हा खारेपाटाकडे. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड ताबडतोब बुजवली तर एक हंगाम जातो. राहिली, तर भरतीबरोबर तिवरांची बियाणी आत येतात आणि काही वर्षांत शेताचं कांदळवन होतं. खारभूमीच्या बांधांसाठी १९४८ चा कायदा होता, पुढे १९७९ चा आला. कांदळवनं तोडायला उच्च न्यायालयाची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. लाटा आणि वादळं अडवणारी ती पहिली फळी. पण सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर दोन पुरुष उंच तिवर, आणि खांड वेळेत कुणी बुजवली नाही म्हणून जमीन हातची गेलेला शेतकरी, अशी उदाहरणं खारेपाटात गावोगाव सापडतात. ही जमीन आता किनारा धरायची की शेत, याचं उत्तर तलाठी एक देतो, वनखातं दुसरं, आणि उधाण तिसरं.