औष्णिक अवरक्त दूरसंवेदनाद्वारे खडकांची ओळख

औष्णिक अवरक्त दूरसंवेदन ही पृष्ठभागाने उत्सर्जित केलेल्या अवरक्त प्रारणाचे दुरून मापन करण्याची पद्धत आहे. भूविज्ञानात खडकांचे खनिज संघटन ओळखण्यासाठी तिचा उपयोग होतो. क्वार्ट्झ व फेल्डस्पार या खनिजांच्या ठळक खुणा दृश्य प्रकाशात आढळत नाहीत. त्या औष्णिक अवरक्त पट्ट्यात दिसतात. पृथ्वीवरील निरीक्षणांसाठी मुख्यतः ८ ते १४ मायक्रोमीटर हा पट्टा वापरतात, कारण त्यात वातावरण बरेचसे पारदर्शक असते. खडक हे प्रारण स्वतःच उत्सर्जित करीत असल्यामुळे रात्रीही मापन करता येते.

तत्त्व

एकाच तापमानाच्या आदर्श कृष्णवस्तूच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रारण उत्सर्जित करतो, त्या गुणोत्तरास उत्सर्जकता म्हणतात. सिलिकेट खनिजांत सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या बंधांतील कंपनांमुळे ८ ते १२ मायक्रोमीटरदरम्यान उत्सर्जकता घटते. सिलिकाचे प्रमाण कमी होत जाते, तसतशी ही घट अधिक तरंगलांबीकडे सरकते. क्वार्ट्झमध्ये ती ८ ते ९.५ मायक्रोमीटरदरम्यान, तर ऑलिव्हिनमध्ये १० मायक्रोमीटरच्या पुढे ठळक असते. त्यामुळे सिलिकासमृद्ध ग्रॅनाइट व अल्पसिलिका बेसाल्ट यांत फरक करता येतो. चुनखडीतील कॅल्साइटची अरुंद घट ११.३ मायक्रोमीटरच्या आसपास असते.

उपकरणे

डिसेंबर १९९९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या टेरा उपग्रहावरील ॲस्टर या जपानी उपकरणात ५ औष्णिक पट्टे असून त्यांचे अवकाशीय विभेदन ९० मीटर आहे. या पट्ट्यांच्या गुणोत्तरांवरून क्वार्ट्झ, कार्बोनेट व अल्पसिलिका खडकांचे निर्देशांक काढतात.

मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरील औष्णिक वर्णपटमापकाने मेरिडियानी प्लॅनम येथे करड्या स्फटिकी हेमॅटाइटचा शोध लावला. या खनिजाची निर्मिती बहुधा पाण्याशी निगडित असल्याने तेथे ऑपर्च्युनिटी ही बग्गी पाठविण्यात आली. २००४ मध्ये तिने हेमॅटाइटचे अस्तित्व प्रत्यक्ष पडताळले.

मर्यादा

मोजलेले प्रारण तापमान व उत्सर्जकता या दोहोंवर अवलंबून असते. पट्ट्यांची संख्या कितीही असली, तरी अज्ञात राशी त्यांहून एकाने अधिक राहतात. म्हणून दोहोंना वेगळे करण्यासाठी काही गृहीतके करावी लागतात. शिवाय संवेदकास केवळ वरचा पातळ थर दिसतो. माती व वनस्पतींनी झाकलेला खडक, उदाहरणार्थ दख्खनच्या पठारावर काळ्या मातीखाली असलेला बेसाल्ट, थेट ओळखता येत नाही. त्यामुळे निष्कर्षांची क्षेत्रीय नमुन्यांशी पडताळणी आवश्यक असते.