व्यवस्थापन-संस्थेचा अर्ज भरण्यापूर्वीं

नोव्हेंबरअखेरीस ‘कॅट’ची परीक्षा आटोपली कीं पांढरपेशा घरांतून एकच चर्चा सुरू होते : मुलाला वा मुलीला कोणत्या व्यवस्थापन-संस्थेंत प्रवेश मिळेल? मिळालाच तर तो घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मतें अर्जाचें शुल्क भरण्याआधींच त्याचा विचार झाला पाहिजे.

व्यापार पेढीवर बसूनच शिकावा, ही समजूत जुनी. अमेरिकेंत व्हॉर्टनची शाळा १८८१ सालीं व हार्वर्डची १९०८ सालीं निघाली. मुंबईंत सिडनॅम कॉलेज १९१३ सालीं स्थापन झालें. पुढें १९६१ मध्यें कलकत्ता व अहमदाबाद येथील संस्था निघाल्या आणि १९६५ मध्यें मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था. अहमदाबादेनें हार्वर्डची पद्धति उचलली : एखाद्या खऱ्याखुऱ्या कंपनीवर आलेला पेंच विद्यार्थ्यांपुढें मांडावयाचा आणि ‘त्या जागीं तुम्ही काय केलें असतें?’ असें विचारावयाचें. ही पद्धति आम्हांस मनापासून आवडते. परंतु ज्यानें कचेरींतला एकही तंटा पाहिलेला नाहीं, त्याला ती निम्मीच कळते. पदवी हातीं पडतांच धांव घेणारापेक्षां दोन-तीन वर्षें नोकरी करून जाणारास तेथें अधिक मिळतें, असें आम्हांस वाटतें.

आतां खर्च. मोठ्या संस्थांचें दोन वर्षांचें शुल्क २० लाखांच्या पुढें गेलें आहे. समजा, दरसाल १० लाखांप्रमाणें २० लाख रुपये शेंकडा १० दरानें काढले. शिकत असतांनाही व्याज चढतच असतें; साधें व्याज धरलें तरी दोन वर्षांअखेर देणें २३ लाखांचें होतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर दरमहा हप्ता ३० हजारांहून अधिक पडतो. शिवाय वर्षाला ६ लाखांची नोकरी सोडली असेल, तर १२ लाखांचें उत्पन्न बुडालें तें वेगळेंच. लग्न, बिऱ्हाड, आईबापांचें आजारपण, हें सारें त्या दहा वर्षांत उरलेल्या पगारांत बसवावयाचें आहे.

यावर उत्तर म्हणून माहितीपुस्तकांतला सरासरी पगार दाखविला जातो. दहांपैकीं एकाला एक कोटी व नऊजणांना आठ-आठ लाख मिळाले, तर सरासरी १७ लाखांवर जाते. आणि नऊजणांच्या हातीं तिच्या निम्मेंही पडलेलें नसतें! म्हणून पगार क्रमानें लावल्यास मधल्या विद्यार्थ्याचा किती, तें विचारावें. किती विद्यार्थी या गणनेंतून वगळले आणि आंकडे बाहेरच्या हिशेबतपासनिसानें तपासले आहेत काय, हेंही विचारावें. ‘डिप्लोमा’ या नांवास मात्र भिऊं नये. २०१७ चा कायदा होईपर्यंत अहमदाबादेची संस्थाही डिप्लोमाच देत असे.

यंत्रशास्त्र शिकलेल्या ज्या मुलीनें ताळेबंद कधीं उघडला नाहीं आणि जिला कारखान्याच्या कारभारांत शिरावयाचें आहे, तिला हीं दोन वर्षें खरोखर उपयोगी पडतील. केवळ सध्यांच्या नोकरीचा वीट आला म्हणून जाणारास २३ लाखांचें औषध महागच.

बँकेंत गेल्यावर आणखी एक गोष्ट उघड होते. कांहीं बँकांनीं संस्थांच्या प्रतवार याद्या केल्या आहेत. वरच्या प्रतींतील संस्थेसाठीं त्या मोठी रक्कमही तारणावांचून देतात, इतरांसाठीं घराचे कागद मागतात. त्या यादींत आपली संस्था कोठें आहे, तें वडिलांनीं अर्जापूर्वींच शाखेंत जाऊन विचारून यावें. घर तारण ठेवावें लागणार असेल, तर घरीं विचार ठरवावयास बसतांना आईलाही बोलवावें.