वाजता चेंडू

संपादकांनी मागितला होता तो दूरसंचार कंपन्यांच्या दानधर्मावरचा लेख. त्यासाठी कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळायला घेतले. सामाजिक जबाबदारीचं प्रकरण सगळीकडे एकाच साच्यातलं: दप्तरं वाटप, संगणक कक्षाचं उद्घाटन, रोपाला पाणी घालणारे अधिकारी आणि शेवटी लाभार्थ्यांचा आकडा. यात खोटं काही नसतं, पण या जागी सिमेंटची कंपनी असती तरी अहवाल हाच राहिला असता. टेलिफोनवाल्यांनी टेलिफोनच्याच विद्येतून कुणाला काही दिलं आहे का, हे शोधत गेलो आणि 1964 सालच्या एका चेंडूपाशी अडकलो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात माउंटन बेल नावाची टेलिफोन कंपनी होती. तिथल्या चार्ली फेअरबँक्स या अभियंत्यानं सॉफ्टबॉलचा चेंडू पोखरला, पोकळीत आवाज काढणारा छोटा संच बसवला आणि चेंडू पुन्हा बंद केला. अंध माणसाला चेंडू ऐकून टोलवता यावा, एवढाच हेतू. कंपनीच्या धंद्याशी या उद्योगाचा संबंध नव्हता.

फेअरबँक्सच्या मागे जी संघटना उभी राहिली, तिचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. 1911 साली बॉस्टनमध्ये टेलिफोन धंद्यातल्या जुन्याजाणत्यांचा मेळावा भरला आणि ‘टेलिफोन पायोनियर्स ऑफ अमेरिका’ची सुरुवात झाली. एटी अँड टी कंपनीचे प्रमुख थिओडोर वेल तिचे पहिले अध्यक्ष. खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेल मेळाव्याला हजर होते. पुढची काही दशकं संघटना म्हणजे मुख्यतः स्नेहभोजनं, जुन्या आठवणी आणि निवृत्तांची विचारपूस. समाजसेवेला तिच्या उद्दिष्टांत अधिकृत जागा मिळाली 1958 मध्ये.

खरी गंमत त्यानंतरची. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून अंध वाचकांना ध्वनिमुद्रित पुस्तकं आणि ती ऐकण्याची यंत्रं फुकट मिळत. पुस्तक कपाटात पडून राहिलं तरी बिघडत नाही, यंत्र मात्र बिघडतंच. तबकडी अडखळते, आवाज खरखरतो, बटण दाबलेलं वर येत नाही. 1960 पासून पायोनियर मंडळी ही यंत्रं दुरुस्त करू लागली आणि पुढच्या काळात त्यांच्या हातांखालून लाखो यंत्रं गेली. त्याच हातांनी शाळांच्या मैदानांवर अमेरिकेचे भलेमोठे नकाशे रंगवले, अंध मुलांना शोधता यावीत म्हणून ईस्टरची वाजणारी अंडी बनवली. पण चेंडूची गोष्ट वेगळी. तो दुरुस्त करायचा नव्हता, मुळापासून शोधून काढायचा होता.

अंधांचं क्रिकेट आपल्याकडे ओळखीचं आहे. त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा 1998 मध्ये दिल्लीतच झाली. त्या खेळाचा चेंडू कडक प्लास्टिकचा, आत छर्रे भरलेला. छर्रे वाजतात ते चेंडू घरंगळताना. चेंडू थांबला की मुका, हवेत उडाला की जवळजवळ मुका. म्हणून गोलंदाज हात खाली ठेवून तो सरपटी टाकतो आणि खेळपट्टीच्या मध्याच्या अलीकडे एक टप्पा पडावाच लागतो. चेंडूच्या स्वभावावरून खेळाचे नियम ठरले आहेत. फेअरबँक्सचा चेंडू पुढे ज्यात वापरला गेला, त्या अंधांच्या बेसबॉलमध्ये ही सोय नाही. तिथे चेंडू हवेतून येतो, टोलवल्यावर गवतात जाऊन पडतो आणि तिथेही तो सापडावा लागतो. त्यामुळे आवाज चेंडूच्या हालचालीवर सोपवून चालणार नव्हतं. बीपवाल्या चेंडूची पिन उपसली की तो वाजू लागतो आणि पिन परत घालेपर्यंत वाजत राहतो, कुठेही पडलेला असो.

ऐकायला सोपं वाटतं. अवघड भाग कानाचा आहे. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. वेळेचा हा फरक एक मिलिसेकंदही नसतो, तरी मेंदूला पुरतो. पण त्यातून कळतं ते डावं-उजवं. वर-खाली ओळखायला बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे आवाजात होणारा सूक्ष्म बदल लागतो आणि तो टिपायला आवाजात अनेक सूर मिसळलेले असावे लागतात. एकाच सुराच्या बीपमधून तो नीट हाती लागत नाही. तुटक बीपचा फायदा एवढाच की प्रत्येक बीपच्या सुरुवातीला कानाला दिशेची नवी खूण मिळते. सलग शिट्टी वाजली असती तर तेही साधलं नसतं.

मग अंगावर येणारा चेंडू किती उंचीवर आहे हे फलंदाजाला कळायचं कसं? या खेळानं दिलेलं उत्तर मला फार आवडलं. चेंडू टाकणारा प्रतिस्पर्धी संघाचा नसतोच. तो फलंदाजाच्याच संघातला असतो आणि त्याला दिसतं. सुमारे 20 फुटांवरून तो आधी ‘रेडी’ म्हणतो आणि चेंडू सोडताना ‘पिच’ किंवा ‘बॉल’ असा पुकारा करतो. फलंदाजानं बॅट दर वेळी त्याच उंचीवर, त्याच लयीत फिरवायची. चेंडू त्या बॅटवर नेऊन आदळायचं काम टाकणाऱ्याचं. चेंडू बॅट शोधतो, असं म्हटलं तरी चालेल. हे जमायला दोघांनी मिळून तासन्‌तास सराव करावा लागतो.

चेंडू टोलवला की 100 फुटांवरच्या दोन खांबांपैकी एक गुणगुणू लागतो. माणसाच्या छातीपर्यंत पोचणारे हे खांब मऊ आवरणाचे असतात. कोणता वाजेल हे फलंदाजाला आधी माहीत नसतं. त्यानं त्या आवाजाकडे धावत सुटायचं. इकडे सहा क्षेत्ररक्षक चेंडूच्या आवाजामागे. डोळस मदतनीस मैदानाच्या कोणत्या भागात चेंडू गेला त्याचा फक्त आकडा ओरडून सांगतो, त्यापुढे त्यानं गप्प राहायचं. फलंदाज आधी खांबाला भिडला तर धाव, क्षेत्ररक्षकानं आधी चेंडू उचलून धरला तर बाद. फलंदाज आणि क्षेत्ररक्षक सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी असते, त्यामुळे थोडं दिसणाऱ्याला फायदा नाही. चेंडू खेळात असेपर्यंत प्रेक्षकांनी टाळीसुद्धा वाजवायची नाही. या सामन्यांच्या चित्रफिती पाहताना सगळ्यात जास्त लक्षात राहतात त्या उड्या. आवाजाच्या अंदाजानं माणूस अख्खं शरीर जमिनीवर झोकून देतो, चेंडू आडवा येऊन अंगाला थटेल या आशेनं.

या उड्या टेलिफोनवाल्यांना नको होत्या. फेअरबँक्सच्या पहिल्या चेंडूनं फारसं कुणाचं लक्ष वेधलं नाही. काही वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या पायोनियर मंडळींनी आवाज सुधारला, वाजणारे खांब तयार केले आणि सोबत नियमावलीही दिली. नियम काळजीवाहू होते: कुणी आपटू नये, कुणाला लागू नये, म्हणून धावण्यावर आणि झेपावण्यावर बंधनं. अंध तरुणांना हा खेळ मिळमिळीत वाटला. 1970 च्या दशकाच्या मध्याला मिनेसोटातल्या खेळाडूंनी नियम गुंडाळून ठेवले आणि जोरात धावून, जोरात टोलवून खेळायला सुरुवात केली. आतल्या नाजूक तारांना एवढ्या माराची सवय नव्हती, चेंडू निकामी होऊ लागले. टेलिफोनवाल्यांकडे मागणी गेली ती अधिक दणकट चेंडूची. 1976 मध्ये अंधांच्या बेसबॉलची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे तैवानच्या संघानं तिच्या वार्षिक स्पर्धेचं अजिंक्यपद अनेकदा पटकावलं.

दानाच्या चर्चेत हा टप्पा सहसा हरवतो. देणाऱ्यानं दिलं होतं ते एक सुरक्षित खेळणं. घेणाऱ्यांनी ते तोडलं आणि त्यातून खेळ उभा राहिला. देणाऱ्यांची थोरवी मला दिसते ती दुसऱ्या फेरीत. तुटलेला चेंडू परत आल्यावर रुसवे-फुगवे न करता त्यांनी पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापवलं.

पण ही माणसं आली कुठून, असं विचारलं की गोष्टीला दुसरा रंग चढतो. माउंटन बेल जिचा भाग होती, ती एटी अँड टीची बेल कंपनी मक्तेदार होती. सरकारचा डोळा कायम तिच्यावर, त्यामुळे लोकांची सदिच्छा तिच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती, गरज होती. मक्तेदारीमुळेच नोकरी जन्मभराची होती. वीस-पंचवीस वर्षं एकाच कार्यशाळेत काढलेली माणसं निवृत्तीनंतर एकमेकांना शोधत येत. हातात कसब, निवृत्तिवेतन नक्की, संध्याकाळ मोकळी. वाजता चेंडू त्या संध्याकाळचं उत्पादन आहे. 1 जानेवारी 1984 ला बेलची मक्तेदारी मोडली. ग्राहकांच्या दृष्टीनं ते योग्यच झालं असेल. फेअरबँक्सची माउंटन बेल यूएस वेस्टच्या छत्राखाली गेली, 2000 मध्ये पाटी क्वेस्टची लागली, 2011 मध्ये सेंच्युरीलिंकची. पायोनियर संघटना या पाट्या बदलूनही टिकली, तिच्या नावातला ‘टेलिफोन’ मात्र गळला. सभासद म्हातारे होत गेले आणि त्यांच्या जागी येणारी तरुण मुलं एका कंपनीत वीस वर्षं काढत नाहीत.

दुसरी अडचण विद्येचीच. जुना टेलिफोन उघडला की आत घंटा, तारा, स्क्रू, छोटा स्पीकर दिसे. उघडणारा चार गोष्टी शिकत असे. आजच्या नेटवर्क कंपनीतला हुशार अभियंता पडद्यावर काम करतो, सोल्डरिंग त्याच्या वाट्याला येत नाही. बोलक्या पुस्तकांचंही तेच. 2009 पासून अमेरिकेत ती डिजिटल यंत्रांवर गेली आणि सैल पट्टे, झिजलेल्या सुया बदलण्याचं जुनं काम सरत गेलं. ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं ही प्रगती. पण त्या कामाभोवती बसणारी मंडळी त्याच प्रगतीनं पांगवली.

हे सारं आपल्या कायद्याशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा माझी काळजी वाढली. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. तरतूद लागू झाली एप्रिल 2014 पासून आणि तिच्यामुळे बरीच कामं उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कायद्याला पैसा मोजता येतो, संध्याकाळ मोजता येत नाही. कर्मचाऱ्यानं दिलेल्या वेळेचं मोल लावून ते या खर्चात धरता येणार नाही, असं केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं स्पष्टच केलं आहे. आकडे फुगवले जाऊ नयेत म्हणून हा नियम बरोबर आहे. मात्र फेअरबँक्सचा चेंडू अशा हिशेबात शून्य रुपयांचा ठरतो. शिवाय तोट्यातल्या कंपनीच्या नफ्याचे दोन टक्केही शून्यच. आपल्या दूरसंचार क्षेत्रात तोटा ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

आणि कसबी हात? 31 जानेवारी 2020 या एका दिवशी भारत संचार निगममधले सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. मुंबई-दिल्लीच्या महानगर टेलिफोन निगममधले चौदा हजारांवर. सगळे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे. जाड केबलीतल्या शेकडो जोड्यांतून रंगावरून नेमकी तार निवडणारे त्यांत होते, पावसात भिजलेली पेटी उघडून कोणाचा फोन का बंद आहे ते सांगणारे होते. निगमचं पुढे काय होणार यावर रकानेच्या रकाने छापून आले. या हातांचं काय करायचं, हा प्रश्न त्यांत मला क्वचितच दिसला.

त्यांना गोळा करायला एक खोली, एक लांब टेबल आणि हाक मारणारं कुणीतरी एवढं पुरेल. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांची महाराष्ट्रात वाण नाही. राष्ट्रीय अंध संघ तर 1952 पासून मुंबईत आहे. तरीही त्या टेबलावर पहिल्या दिवशी वाजता चेंडू बनवायला घेऊ नये. मिनेसोटातल्या खेळाडूंनी शिकवलं ते हेच, की आधी विचारावं. आपले खेळाडू कदाचित म्हणतील, छर्ऱ्यांचा चेंडू आहे तो बरा आहे. आम्हाला वाचून दाखवणारा फोन बंद पडतो, दुकानदार सांगतो नवा घ्या, तेव्हा तो उघडून बघणारा माणूस द्या.