सिंगल-स्पीड सायकलची चेन सैल झालीय? पान्हा पुरेल की खास हत्यार लागेल, आधी पाहा

गिअर नाहीत, म्हणजे कटकट नाही, असा विचार करून अनेक जण सिंगल-स्पीड सायकल घेतात. पण काही मॉडेल्सची चेन सैल झाली, की कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रीचाही हात थांबतो, कारण ती ताणायला लागणारे हत्यार त्याच्याकडे नसते.

चेन सैल का होते?
गिअरच्या सायकलला मागे स्प्रिंगचा डिरेलर असतो. तो चेनचा ढिलेपणा आपोआप ओढून घेतो. सिंगल-स्पीडला ही सोय सहसा नसते. वापराने चेनच्या पिना झिजतात आणि चेन लांबते. चढावर पेडलवर उभे असताना ती उतरली, तर तोल जातो. उलटे पेडल मारून लागणारा ब्रेक असेल, तर चेनबरोबर तो ब्रेकही जातो.

ताण किती हवा?
चेनचा मधला भाग बोटाने वर-खाली करा. ती एकूण साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. पेडल पूर्ण फिरवून पाहा आणि चेन जिथे सर्वांत घट्ट लागते, तिथे मोजा. चेन फार ताणली तर पेडल जड होते आणि बेअरिंग लवकर झिजतात.

कोणत्या सायकलला कोणते हत्यार?
• मागच्या चाकाला लांब खाच : आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींसारखी. नट सैल करून चाक मागे ओढायचे, सरळ करायचे आणि नट आवळायचे. साधा पान्हा पुरतो.
• सरकणारे ड्रॉपआउट : चाक ज्यात बसते तो भागच मागे-पुढे सरकतो. बहुधा ॲलन की लागते.
• एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट : यात पेडलचा एक्सल गोल तुकड्यात मध्यभागी न बसता एका बाजूला असतो. तुकडा फिरवला, की एक्सल पुढे-मागे होतो आणि चेन ताणली जाते. अनेक सायकलींत तो फिरवायला दोन खुंट्यांचा पिन पान्हा लागतो.

मग कंपन्या तिसरी पद्धत का वापरतात?
यात मागचे चाक जागचे हलत नाही. त्यामुळे डिस्क ब्रेक पुन्हा जुळवावा लागत नाही.

हत्यार नसेल तर?
स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोड्याने ठोकू नका. पिनांची भोके फाटली, तर योग्य पान्हाही बसत नाही. फिरवण्यापूर्वी तुकडा धरून ठेवणारे बोल्ट सैल करा आणि काम झाल्यावर पुन्हा आवळा. तुकडा गंजून अडकू नये म्हणून अधूनमधून काढून ग्रीस लावा.

ताणायची की बदलायची?
नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एका पिनेच्या मध्यापासून मोजा. दीड मिलिमीटर वाढ दिसली, तर नवी चेन टाका. वाढ तीन मिलिमीटरवर गेली असेल, तर दातेही झिजलेले असण्याची शक्यता मोठी. अशी चेन कितीही ताणली, तरी घसरतच राहते.

खरेदीपूर्वी विचारा
चेन कशी ताणायची, कोणत्या मापाचे हत्यार लागते आणि ते सायकलीबरोबर मिळते का, हे तीन प्रश्न दुकानातच विचारा. ऑनलाइन घेत असाल, तर मागच्या चाकाच्या खाचेचा फोटो मोठा करून पाहा. खाच लांब असेल, तर गावातला कोणताही मिस्त्री काम करू शकेल. पिन पान्हा लागणार असेल, तर तो सायकलीसोबतच घ्या.