प्लास्टिकची गिट्टी : माल आहे, आता कागदही हवेत

नाशिक जिल्ह्यात प्लास्टिकच्या भंगाराला तोटा नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून ठिबकच्या जुन्या नळ्या व फाटके क्रेट निघतात, शहरातून डबे, बाटल्या, पिशव्या. कचरावेचक आणि फेरीवाले हा माल गोळा करतात. मालेगावच्या कारखान्यांत अशा मालाची गिट्टी, पुढे दाणा आणि पाईप होतात. कित्येक गरीब घरांची चूल यावर पेटते.

या धंद्याचे मर्म निवडीत आहे. गिट्टी पाण्यात टाकली की पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन तरंगते. पीव्हीसी आणि पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक तळाशी बसते. निवडताना पीव्हीसी राहून गेली, तर तापल्यावर आम्लाची वाफ निघते. कामगाराची छाती बिघडते, यंत्रही गंजते. स्वच्छ, एकजात गिट्टीला मिसळ मालापेक्षा भाव अधिक मिळतो तो यामुळेच.

पण नुसता माल चांगला असून भागत नाही. नाशिकच्या अंबड-सातपूर लिंक रोडवरील भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा कारवाई केली. परवानगीविना उभा राहिलेला धंदा एका दिवसात उठतो, हा धडा प्रत्येकाने घ्यावा.

दुसरीकडे कायद्याने नवी कमाईही दाखवली आहे. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनुसार, पॅकिंगचे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना ठरलेल्या प्रमाणात प्लास्टिकचा पुनर्वापर झाल्याची प्रमाणपत्रे दाखवावी लागतात. ती देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत कारखान्याला आहे आणि त्यांचे पैसे मिळतात. कडक डबे-बाटल्यांच्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ साठी ३० टक्के व २०२८-२९ पासून ६० टक्के पुनर्वापराचे प्लास्टिक नियमांत ठरवले आहे. म्हणजे मागणी वाढणारच. मात्र ठिबकची नळी पॅकिंगमध्ये मोडत नाही. दोन्ही मालांचा हिशेब वेगळा ठेवावा.

आमचे व्यापारी बांधवांना सांगणे एवढेच : प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र व नोंदणी घ्या, खरेदी-विक्रीची पक्की बिले ठेवा, धुण्याचे पाणी नाल्यात सोडू नका, उरलेला माल जाळू नका. एकट्याला खर्च झेपत नसेल, तर चौघांनी मिळून धुण्याची सोय उभारावी. मेहनत आपण करतोच. तिचा पूर्ण मोबदला कागद हाती असणाऱ्यालाच मिळेल.